मर्यादेत आढळलेला खलनायक

वाईट माणसाचं काम चांगलं वठलं की चांगल्या माणसांची पंचाईत होते. आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत चांगली माणसं बरीच असल्याने पंचाईतही तशीच मोठी झाली.

आमचा एक जुना सहायक नोकरी सोडून नट झाला होता. तो आता एका सुपरहिरोच्या सिनेमात (उडणारा नायक, तंग कपडे) खलनायक म्हणून झळकला. त्याची थोरली बहीण आमच्याच जंतू विभागात आहे. तिला सगळे ताई म्हणतात, साहेबसुद्धा. प्रयोगशाळेच्या वर्धापनदिनी धाकट्याचा सत्कार व्हावा, असं ताईने सुचवलं. कारण खासगी होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे वडील याच प्रयोगशाळेचे निवृत्त प्रमुख. मुलाने राजीनामा दिला तेव्हापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. प्रयोगशाळेने योग्य ठरवल्याशिवाय त्यांना काहीच योग्य वाटत नसे. (ताईच्या नवऱ्यालाही त्यांनी दोनदा बोलावून पाहिलं आणि दोन्ही वेळचे निष्कर्ष जुळल्यावरच होकार दिला.)

साहेबांनी समिती नेमली: स्वतः साहेब, लेखापाल, गाडीचे ड्रायव्हर आणि टिपणं घ्यायला मी. सख्खी बहीण म्हणून ताईला बाहेर बसवलं. दार नीट लागत नाही, त्यामुळे ती बाहेर असूनही बैठकीतच होती.

पहिली हरकत लेखापालांची. "यानं सिनेमात अख्ख्या शहराच्या पाण्यात विष कालवलंय. आपण पाण्याची माणसं. लोक काय म्हणतील?"

हरकत वजनदार होती. टेबलावरच्या पोस्टरवर विषाची बाटली त्याच्या हातातच दिसते, तेव्हा मी हिशेब मांडला. शहराचा तलाव आणि ती बाटली धरता, नागरिकाने चाळीस वर्षं रोज एक टाकी पाणी प्यायलं तर त्याचं डोकं किंचित दुखेल. (टाकीमुळे की विषामुळे, हे सांगता येत नाही.)

"म्हणजे खलनायक म्हणूनही कच्चाच," लेखापाल म्हणाले.

"बाटली त्यानं नाही निवडली," दाराबाहेरून ताई म्हणाली. "हातात दिली ती ओतली."

"इथं असतानाही हेच सांगायचा," ड्रायव्हर म्हणाले. "आणि यात अभिनय कसला? मी गाडी उशिरा आणली की तो माझ्याकडे अस्साच बघायचा. नुसतं बघण्याचा सत्कार करायचा तर माझ्या सासूबाईंचा आधी करा."

तुलनेचा नमुना घेतल्याशिवाय आमच्याकडे निष्कर्ष काढत नाहीत. मी धाकट्याच्या जुन्या ओळखपत्राची प्रत आणली आणि पोस्टरशेजारी ठेवली. ओळखपत्रावरचा चेहरा कितीतरी जास्त भयंकर होता. म्हणजे सिनेमासाठी त्याने स्वतःचा दुष्टपणा सुमारे एक तृतीयांश कमी केला होता. अंगचं कमी करायला कष्ट पडतात, आणि अशा कष्टालाच अभिनय म्हणतात, असं सर्वानुमते ठरलं. लेखापालांनी मान हलवली, पण आडवी की उभी हे नोंदवण्याजोगं नव्हतं.

मग शेरा. साहेब म्हणाले, "उत्कृष्ट." लेखापाल म्हणाले, "टाकाऊ." ड्रायव्हर म्हणाले, "ठीक, पण केस झकास." यांची सरासरी काढली. आमच्या छापील अहवालात शेरे दोनच: 'मर्यादेत आढळला' आणि 'उकळून वापरावा'. दुसऱ्यावर साहेबांचं बोट जरा रेंगाळलं, पण शेवटी पहिल्यावर खूण झाली. सत्कार मंजूर झाला.

अहवाल हातात पडल्यावर ताईचा चेहरा उतरला. "मर्यादेत? एवढंच, साहेब?"

"याच्या वरचा शेरा आपल्याकडे नाही, ताई. झऱ्याच्या पाण्यालाही एवढाच देतो."

ती अहवाल घरी घेऊन गेली. पुढचं तिने दुसऱ्या दिवशी काचेच्या बशा धुता धुता सांगितलं. वडिलांनी चष्मा लावला, आधी सह्या तपासल्या, मग शेरा वाचला.

"तुलनेचा नमुना घेतला होता?"

"घेतला होता, बाबा."

त्यांनी शेरा पुन्हा एकदा वाचला आणि कागदाची नीट घडी घातली. "मर्यादेत आहे ना? मग लाव फोन त्याला. म्हणावं, जेवायला ये."

सत्काराला बापलेक शेजारी बसले होते. दोघांचीही नजर ओळखपत्रावरची. भाषण झाल्यावर धाकट्याने समितीला सहज विचारलं, "पण सिनेमा कसा वाटला?"

तेव्हा कळलं की साहेबांनी झलक पाहिली होती, बैठकीत, आवाज बंद करून. लेखापालांना त्यांच्या मुलाने गोष्ट सांगितली होती. ड्रायव्हर पोस्टरवरून रोज जातात, येताना आणि जातानाही. माझ्याकडे हिशेब होता. सिनेमा पाहिला होता फक्त ताईने, तीनदा. म्हणून तर तिला बाहेर बसवलं होतं.

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त धाकट्याचा सत्कार रास्त होता की नव्हता, याविषयी तुमचं मत एव्हाना पक्कं झालेलं असेल, आणि सिनेमा तुम्हीही पाहिलेला नाही. लेखापाल पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. समितीत जागा आहे.