दामूकाकांचा बोया

दामूकाकांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते ती आधी पाण्यात टाकून बघत. माझी कोरी वहाण, आमच्या घरातलं लाटणं, पोस्टमनची पानाची डबी, काहीच सुटलं नाही. एका साखरपुड्यात तर त्यांनी पुढ्यातला लाडू पाण्याच्या भांड्यात सोडला. लाडू बुडाला. "ह्यो कामाचा न्हाय," असं म्हणत त्यांनी तो खाल्ला आणि दुसरा मागितला. मुलीची आई त्यानंतर त्यांच्या पंगतीकडे फिरकली नाही.

काका शोधत होते बोया. कोळ्यांच्या जाळ्याला तरंगायला बांधतात तो बोया. पण यांना तो पंपासाठी हवा होता. मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागे आगरदांड्याच्या बाजूला रहाट मोडून तेलाची इंजिनं यायला लागली होती. आमच्या विहिरी टेकडीच्या पोटाला, खोल. म्हणून पंप आणि इंजिन विहिरीतच अर्ध्यावर, दगडी टप्प्यावर बसवायचे. तेलाची टाकी तेवढी वर काठावर. पाण्यात बोया सोडायचा आणि त्याची दोरी टाकीच्या तोटीला बांधायची. पाणी उतरलं की बोया खाली जातो, दोरी ताणते, तोटी मिटते, इंजिन थांबतं. नाही थांबलं तर पंप कोरडा फिरून जळतो.

काकांच्या ओटीवर मडकी मांडलेली असत आणि प्रत्येकात एकेक उमेदवार तरंगत असे. सुका भोपळा, डाग देऊन बंद केलेला पत्र्याचा डबा, तांब्याचा गोळा, बुचाची बाटली. सकाळी उठून काका एकेकाला हातात तोलत. "काय भोपळेराव, राती पानी प्यालात?" भोपळा उंदरांनी खाल्ला. डबा गंजला. तांब्याच्या गोळ्याचा डाग सुटला, तेव्हा दोन दिवस त्यांचं तोंड कडू होतं. कुणी म्हणालं, काका, तरंगतोय की चांगला, द्या सोडून, तर उत्तर ठरलेलं: "तरंगतो त्याचं कौतुक न्हाय, अडकत न्हाय त्याचं."

गंमत अशी की त्यांची स्वतःची विहीर फळ्या ठोकून बंद केलेली होती. अकरा वर्षांपूर्वी, गावातलं पहिलं इंजिन त्यांनी तिच्यात बसवलं त्याच साली, त्यांचा धाकटा भाऊ विष्णू तिच्यात गेला. पाय घसरला, असं गाव म्हणायचं. तेव्हापासून वाडी वाळली ती वाळलीच. आणि हा गृहस्थ गावभर इतरांना बोये निवडून देणार, टकल्यानं कंगवे विकावेत तसा. मीही हसायचो. खोटं कशाला सांगू?

मग मी इंजिन घेतलं. माघात त्यांच्याकडे बोया मागायला गेलो. वैशाख उजाडला तरी काकांचा निकाल लागेना. माझी पोफळीची रोपं माना टाकायला लागली. पुढच्या पंधरा वर्षांचं पोट त्या रोपांवर होतं आणि काका मडक्यात बोट घालून बसलेले. शेवटी मी चिडून बोललो, तेव्हा कुठे त्यांनी तेलात उकळलेला, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा गुळगुळीत गोळा काढला. दोरी स्वतः बांधली आणि रोज इंजिनाच्या वेळेला काठावर येऊन बसू लागले.

चौथ्या दिवशी दुपारी पंप हवा खेचायला लागला. वाकून बघतो तर पाणी उतरलेलं आणि बोया वरच, दोन दगडांच्या सांध्यात अडकलेला. दोरी सैल.

"बंद कर," काका म्हणाले.

"बंद कशाला? पुन्हा सुरू करायला अर्धा तास दिवा धरून इंजिनाचं डोकं तापवत बसायचं? उतरतो, सोडवतो, आलोच."

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काकांनी माझं मनगट धरलं. माणूस माझ्या निम्मा, पण मला हलता येईना. दुसऱ्या हातानं त्यांनी तोटी पिळली. इंजिन दोनदा ठसकलं आणि गप्प झालं. माझ्या बायकोला त्यांनी कंदील पेटवून आणायला लावला आणि माझ्या मोकळ्या हातानं तो मला दोरीनं खाली सोडायला लावला. टप्प्यापाशी धूर कोंडला होता. कंदील तिथं पोचला आणि विझला.

मी काठावर बसलो. काकाही शेजारी बसले.

"इष्णूनं इचारलं व्हतं," ते म्हणाले. "दादा, बंद करू का?"

"मग?"

"मी म्हनलं, कशाला? पुन्यांदा तापवत बसायचं."

मला स्वतःची लाज वाटत होती आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "विष्णूच्या बायकोला ठाऊक आहे?"

"तिलाच सांगितलं. त्याच दिवशी. तवापासनं बोलत न्हाय माज्याशी." थोड्या वेळानं ते म्हणाले, "जेवायला वाढते. येक दिवस चुकली न्हाय."

धूर हळूहळू वर येऊन विरत होता. मी आता खाली उतरणार नव्हतो, तरी काकांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. मीही सोडवून घेतलं नाही.