गोल, चौकोन आणि कुमुदबाई

स्पिरिटचा उग्र, थंड वास आणि त्यामागून येणारा कापराचा मंद दरवळ. कुमुदबाई उंबरठ्यावर येण्याआधी त्यांचा वास येई. पाठोपाठ प्रश्न येई, "घरात कोन कशानं मेलं?" नमस्कार त्यानंतर.

वरोऱ्याच्या कुमुदबाई मुंबईच्या एका प्रयोगशाळेत कर्करोगाच्या आनुवंशिकतेवर संशोधन करीत. नव्वदच्या दशकात दर उन्हाळ्यात त्या आमच्या आरमोरीला येत, बर्फाच्या थर्मासात रक्ताच्या नळ्या ठेवीत आणि घराघरांच्या वंशावळी काढीत. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. रोग झालेले माणूस काळे. एका लग्नात तर त्यांनी भर पंगतीत वरमाईला तिच्या आत्यांची मरणे विचारली. सोयरीक मोडायलाच यांना कुणी पाठवले, असे वरपक्षाला वाटले. "सोयरीक जोडा नाईतर तोडा," बाई शांतपणे म्हणाल्या, "पन गाठ झाकू नोका." आणि पुन्हा वरण मागितले.

त्यांचा नियम एकच. "रक्ताचं बोल. बाकी सारा गोतावळा."

माझी माय स्तनाच्या गाठीने गेली, हे ऐकताच त्यांनी माझ्या गोलावरचा गोल काळा केला. पुढे तीन उन्हाळे त्या मला न चुकता तपासत राहिल्या. मी मात्र रोज अंघोळीच्या पाण्यात बोटांनी गाठ शोधी, आणि लेकीचे वाढते अंग पाहून तिची वर्षे मोजी.

चौथ्या उन्हाळ्यात आमची वहिनी चहा घेऊन आली. माझ्याकडे पाहत कौतुकाने म्हणाली, "हिच्या वेळी तीन दिवस कळा काढल्या मी."

पेन्सिल थांबली.

"कोन होय हे?"

"वहिनी. माझी जन्मदाती. सारं घर हिला वहिनी म्हणे, म्हणून मीही."

"अन् माय?"

"मोठ्या बाबांची, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिनं वाढवलं मला."

"अवं, मराठी शिकवते शाळेत, अन् मायचा अर्थ समजत नाई तुले!" बाई कडाडल्या. "तीन वर्सं तुही नळी साऱ्यांच्या आधी तपासली म्या!"

त्यांनी दोन गोलांमधली रेघ खसाखसा खोडली. "सुटली तू. लेकही सुटली."

कागदावर रबराचा चुरा पडला होता. हसायचे सोडून मी रडू लागले. भीती गेली होती, आणि तिच्याबरोबर मायही.

कुमुदबाईंनी कागदावरचा चुरा फुंकला. मग त्याच जागी त्यांनी ठिपक्याठिपक्यांची एक रेघ ओढली, इतक्या हलक्या हाताने की पेन्सिलचा आवाजही आला नाही.

"बाई, तुमच्या शास्त्रात या रेघेला काय म्हणतात?"

कागदाची घडी घालीत, माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या,

"माय."