पाण्याची नियत

भानुकाका जाधव कुणाच्याही घरी गेले, की पाण्याचा पेला आधी नाकाशी नेतात. डोळे मिटून हुंगतात आणि निकाल देतात, "नियत साफ हाय." मगच पितात. लग्नाच्या पंगतीतही हेच. एकदा ऐन मे महिन्यात सोसायटीत आलेला टँकर त्यांनी हुंगून परत पाठवला. आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन बघत राहिलो. त्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोललं नाही, पण ते त्यांच्या लक्षातच आलं नसावं.

काका तळमजल्यावर राहतात. गाव खुलताबादजवळचं, नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. त्यामुळे वेळ भरपूर, आणि तो सगळा शेजाऱ्यांसाठी राखून ठेवलेला.

माझी रमा सात वर्षांची आहे. तिच्या कोपरांना, गुडघ्यांमागे आणि हातांच्या पंजांना जन्मापासून एक्झिमा. सासूबाई त्याला इसब म्हणतात. खाज, चट्टे, रात्री झोपेत खाजवणं. या उन्हाळ्यात वर्गातल्या सगळ्या मुली पोहायला जाणार म्हणून रमानेही हट्ट धरला. मला पोहण्याच्या टँकमधल्या क्लोरीनच्या पाण्याची धास्ती. डॉक्टर मात्र म्हणाले, खुशाल पोहू दे. आधी साध्या पाण्याने अंघोळ, मग मलम. बाहेर आली की लगेच परत अंघोळ, अंग न घासता टिपायचं आणि ओलसर असतानाच पुन्हा मलम. कातडी चिरलेली असेल त्या दिवशी सुट्टी.

हे मी जिन्यात शेजारणीला सांगत होते, ते काकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्सूल रस्त्यावरच्या टँकवर आम्ही पोचलो, तर काका आधीच काठावर उकिडवे बसून पाणी हुंगत होते. पांढरं धोतर, मिशा आणि एवढी गंभीर मुद्रा बघून तिथल्या वॉचमनने त्यांना महापालिकेचे साहेब समजून खुर्ची आणि चहा दिला. काकांनी चहाही हुंगला.

मग हे रोजचंच झालं. ज्या दिवशी पाण्यात पावडर जास्त पडलेली असे, त्या दिवशी ते फाटकातच आडवे येत. "आज नियत साफ नाय. उद्या या." आम्ही मुकाट्याने परतायचो. रमाचे गाल फुगायचे, पण कातडी शांत राहायची. मलम लावताना काका पाठ फिरवून उभे राहत आणि विचारत, "कानामागं लावलं का? भाकरीला पाणी लावत्यात तसं लाव, कोरडं ऱ्हाऊ नको दिऊ." माझ्या आईनेही मला कधी एवढ्या सूचना दिल्या नाहीत.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. एके दिवशी ते पहाटेच कडुलिंबाच्या पाल्याचा काढा घेऊन गेले आणि तो हंडाभर काढा त्यांनी टँकमध्ये ओतला. गोवर-कांजिण्या उतरल्या की गावाकडे लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालतात, मग पोरीच्या अंगाला हे बरंच, असा त्यांचा हिशोब. पाण्यावर हिरवट तवंग आणि पाला. सकाळची अख्खी बॅच टॉवेल गुंडाळून काठावर उभी राहिली. मॅनेजर तावातावाने बोलत होता आणि काका त्याला शांतपणे समजावत होते की उरलेल्यांनाही फायदाच होईल. टँक दिवसभर बंद राहिला. काकांना आत यायची बंदी झाली, ती वॉचमननेच मॅनेजरच्या हातापाया पडून उठवायला लावली.

खरा त्रास पाण्याने दिलाच नाही. रमा उथळ भागात पाय मारायला शिकत होती. जोडीजोडीने हात धरायचे होते. तिच्या शेजारच्या मुलाची आई काठावरून म्हणाली, "बाळा, तू इकडे ये, तिच्या हाताला काहीतरी आहे." मी सांगायला गेले की हे संसर्गाने पसरत नाही. पण तोवर रमा बाहेर आली होती. टॉवेलात हात लपवून बसली आणि म्हणाली, मला नाही पोहायचं, कधीच नाही. मला रडू आलं. इतक्या दिवसांची मेहनत एका वाक्यात बुडाली होती.

काका उठून गेले. मला वाटलं, आता भांडण. थोड्या वेळाने ते कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आले. अंगात टँकवर भाड्याने मिळणारा ढगळ पोशाख, डोक्यावर सक्तीची पिवळी रबरी टोपी, खाली त्या मिशा. कुणाला हसायचंही सुचलं नाही. ते शिडीला धरून उथळ पाण्यात उतरले. पाणी जेमतेम कमरेला, तरी शिडीवरचा हात सुटत नव्हता. खुलताबादकडच्या विहिरी पालथ्या घातलेला माणूस, अशी आमची सगळ्यांची समजूत. त्यांना पोहता येतच नव्हतं.

"रमे, मला भ्या वाटायलंय," ते म्हणाले. "हात दी."

ती हलली नाही. "माझा हात खरखरीत आहे."

"माझा बी हाय. दी."

रमा टॉवेल टाकून पाण्यात उतरली आणि तिने त्यांचा हात धरला. काका एकेक पाऊल टाकत होते आणि ती मास्तरणीसारखी सूचना देत होती, श्वास घ्या, खाली बघू नका. तो मुलगा आणि त्याची आई बघत होती. माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

उथळ भागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन ते शिडीपाशी परत आले. रमा म्हणाली, "काका, आता सोडा. इथे तर शिडी आहे."

काकांनी हात सोडला नाही. "ऱ्हाऊ दी गं जरा," ते म्हणाले. "तुझी काकू गेल्यापासून कुणी धरलाच नव्हता."