आधी सासूला विचारा

बेशुद्ध रोग्याची परवानगी घेणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. त्या म्हणजे आमच्या कमलाबाई सिस्टर. खाटेवर वाकून त्या विचारायच्या, "माय, हात लावू का?" आणि उत्तरासाठी थांबायच्या. डॉक्टर सुई धरून ताटकळत.

निजामी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. जालन्याच्या एका दवाखान्यात आम्ही काही मुली नर्सिंग शिकत होतो, आणि सिस्टर आम्हाला शिकवायच्या. सरावासाठी माणसाएवढी बाहुली होती, सरकीसकट कापूस भरलेली. ती रोज जातधर्म बदलायची. आज जुन्या जालन्यातली पडदानशीन, उद्या परतूरची कुणबीण. आमच्यातल्या सुशीलानं, ती एकटीच लग्न झालेली, एकदा बाहुलीचं अंग झटपट पुसलं आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिली.

"विचारलं का तिला?"

"सिस्टर, ती कापसाची आहे."

"आज ती मारवाड्याची सून हाय. सासू बाहेर बसून राह्यली. आधी सासूला विचारा, मंग अंगाला पाणी लावा!"

सुशीला बाहेर गेली आणि रिकाम्या बाकड्याची परवानगी घेऊन आली.

"काय म्हणली सासू?"

"हो म्हणाली."

"इतक्या जल्दी? मंग ती सासूच न्हाई. परत जा."

डॉक्टर म्हणायचे, "ह्या बाई नर्सा न्हाई, सोयरिकी जुळवणाऱ्या तयार करून राह्यल्यात." सिस्टरना ती तारीफच वाटायची.

एकदा वाटूरकडच्या तांड्यावरची लमाणी बाई आली. बाळंतपणानंतरचा ताप, दंड सुजलेला. ती ग्लानीत होती, घाई होती. सुशीलानं तेल लावून तिच्या दंडावरच्या पांढऱ्या बांगड्या उतरवल्या आणि सुई दिली. ताप उतरला. बाईनं डोळे उघडले, मोकळा दंड पाहिला आणि टाहो फोडला, "माझा घरवाला गेला का?"

घरवाला फाटकाशीच बसला होता. त्याला आणून दाखवला. पण त्या बांगड्या नवरा मेल्यावरच उतरतात, आणि तो जिवंत असताना उतरल्या म्हणजे त्याच्या जिवावरचं संकट, असं तिच्या मनानं घेतलं. ती औषध घेईना. बाळ रडत होतं, त्याला जवळ घेईना.

सिस्टर आल्या. आता सुशीलाचं काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं. पण त्या ओरडल्या नाहीत. ट्रेमधल्या बांगड्यांकडे त्यांनी नुसतं पाहिलं, उचलल्या नाहीत.

"सुशीला, तिची माफी माग. ती हो म्हणली तर तूच भर."

"सिस्टर, तुम्ही भरा ना. ती मला जवळ येऊ देणार नाही."

"माझ्या हातानं न्हाई चालत," म्हणून त्या व्हरांड्यात निघून गेल्या.

मला नवल वाटलं. मी मागोमाग गेले.

"बारा वर्षांची व्हते, तव्हाच माझ्या बांगड्या फुटल्या," त्या म्हणाल्या.

आम्ही सगळ्याच पांढऱ्या साडीत, मोकळ्या हातांनी वावरायचो. सिस्टर विधवा आहेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पण तिला कुठं माहीत आहे?"

"मला म्हाईत हाय ना."

आतलं बाळाचं रडणं थांबलं. पदराखाली गेलं असावं.

"झाल्या का समद्या भरून?"

मी दारातून डोकावले. "दोन राहिल्यात."

"मंग थांबू," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून उन्हात उभ्या राहिल्या.