बिनटेपचा शिंपी

अमरावतीत टेप नसलेलं शिंप्याचं दुकान एकच आहे आणि दुर्दैवाने ते माझ्या घरासमोर आहे. दुकानात मशीन आहे, कात्री आहे, खडू आहे, कोळशाची एक निवृत्त इस्त्रीसुद्धा आहे. टेप तेवढा नाही. भिंतीवर लांब फळी ठोकली आहे, तिला शंभरेक खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याला एक सुती दोरा लोंबतो. दोऱ्याला गाठी. पहिली गाठ छाती, दुसरी कंबर, तिसरी सीट. खाली चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव. जगात माणसं कुठल्या कुठे गेली आणि आमचा मास्तर अजून दोरीने माणूस मोजतो.

नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, ‘‘मास्तर, कंबर किती आली?’’

‘‘तुयाएवढी आली,’’ मास्तर म्हणतो आणि गाठ मारून मोकळा होतो.

मास्तरचं खरं नाव मधुकर. हे मला आणि रेशनकार्डाला सोडून कोणाला माहीत नाही. सगळं गाव त्याला ‘डबल’ म्हणतं, आणि हे नाव मी ठेवलेलं आहे. उगाच नम्रपणा कशाला? माझ्या हातून झालेलं आणि टिकलेलं असं हे एकच काम. आम्ही सातवीत होतो. गॅदरिंगच्या नाटकात राजपुत्राचं काम मधुकरला मिळालं होतं, कारण त्याचा आवाज खणखणीत होता आणि पाठांतर पक्कं. अंगरख्याचं माप घ्यायला शिंपी वर्गात आला. त्याने मधुकरच्या पोटाभोवती टेप फिरवला आणि लिहून घेणाऱ्या गुरुजींना ऐकू जावं म्हणून आकडा ओरडून सांगितला. मी मागच्या बाकावरून म्हणालो, ‘‘डबल!’’ वर्ग हसला, शिंपी हसला, गुरुजीही हसले. दुसऱ्या दिवशी मधुकरला ताप आला तो गॅदरिंग संपल्यावरच उतरला. राजपुत्र मी झालो. दुसऱ्या प्रवेशात ‘प्रधानजी’ एवढं म्हणून पुढचं विसरलो, पण अंगरखा मला फार छान बसला होता.

पुढे त्याने दुकान काढलं तेव्हा पाटीवर स्वतःच ‘डबल टेलर्स’ लिहून घेतलं. मी चार लोकांत सांगितलं, पहा, माणूस किती खिलाडू आहे.

स्वतःचे कपडे मात्र हा माणूस असे शिवतो की पाहवत नाही. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक पांढरा झगा, त्यात तो कुठे आहे हे शोधावं लागतं. लग्न केलं नाही. मुलगी पाहायला जायचं तर अंगासरशी शर्ट शिवावा लागला असता, एवढंच कारण मला तरी सुचतं. सकाळी दुकान उघडतो, दुपारी डबा खातो, आणि मी पंचायत समितीतून परत आलो की माझ्यासाठी कट चहा सांगतो. मी पेपर वाचतो आणि गिऱ्हाइकांबद्दल चार शेरे मारतो. तो ऐकून घेतो.

गेल्या चार-पाच वर्षांपासून त्याच्याकडे एक नवंच गिऱ्हाईक येऊ लागलं आहे. कॉलेजची पोरं-पोरी येतात, मोबाईलवर जपानी कार्टून दाखवतात आणि म्हणतात, अस्सा ड्रेस पाहिजे. याला कॉस्प्ले म्हणतात. म्हणजे आपल्या आवडत्या कार्टूनचा वेश करायचा, केस निळे करायचे आणि ज्यांनी आपल्यासारखेच केस निळे केले आहेत अशांना जाऊन भेटायचं. आमच्या लहानपणी बहुरूपी दारात यायचा आणि आपण त्याला पसाभर ज्वारी घालायचो. आताचे बहुरूपी इंजिनिअरिंगला आहेत आणि ज्वारी त्यांच्या घरचीच आहे.

मास्तरला याचं वेड लागलं. लग्नसराईत नवरदेवाची शेरवानी अर्धी टाकून हा बाबा कार्टून पाहत बसतो. का, तर झग्याची पाठ कशी असते ते कळत नाही. मलाच विचारतो, ‘‘समोरूनच दाखोते बे, दिल्या. मांगची शिवण मले काय सपनात दिसीन?’’ गादीवाल्याकडून फोम आणतो, गरम इस्त्रीने तो वाकवतो, वरून गेटला मारायचा चंदेरी रंग मारतो, आणि झालं चिलखत. मोर्शीच्या एका संत्रेवाल्याच्या पोराला त्याने असे पंख करून दिले की पोरगं घराच्या दारातून आत जाईना. बापाने मास्तरला फोनवर काय काय ऐकवलं. मास्तरचं उत्तर एकच, ‘‘पंख बरोबर हायेत भाऊ, तुमचं दार लहान हाये.’’

पण त्याचा खरा छळ सुरू होतो माप घेताना. मला स्वतःला अनुभव आहे. भाच्याच्या लग्नासाठी सफारी शिवायची होती. आता, टेप दिसो की दोरा दिसो की कॅमेरा, माझं पोट आपोआप आत जातं. तीस वर्षांची सवय आहे. मास्तरने दोरा कमरेभोवती धरला आणि तसाच पंख्याकडे पाहत उभा राहिला.

‘‘सोड श्वास,’’ तो म्हणाला.

‘‘सोडलेलाच हाये.’’

‘‘सोड श्वास. मी कुठी चाललो?’’

आणि खरंच तो कुठेही चालला नाही. डोळे पंख्यावर, दोरा हातात. मी शेवटी हरलो. पोट पुढे आलं. ‘‘हां, आता आला तू,’’ म्हणाला आणि गाठ मारली. ‘‘दम धरून माप देशीन त लग्नात दम धरूनच जेवा लागीन.’’

सगळ्यांशी हेच. दोरा धरायचा, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहायचं नाही, आणि ‘सोड श्वास, मी कुठी चाललो?’ म्हणून उभं राहायचं. पोरींची माप देताना नेहमी होते ती चुळबुळ इथे दोन मिनिटांत थांबते, असं मी पाहिलं आहे. तेव्हा मला वाटायचं, कंटाळत असतील.

आमच्या गल्लीत सादिया राहते. शाळेत गणित शिकवते आणि अंगाने चांगली भरलेली आहे. ती एक दिवस मोबाईल घेऊन आली. त्यात कोणी एक लढाऊ राणी होती. हातात भाला, आणि कंबर त्या भाल्याहून थोडीशीच जाड.

‘‘अंकल, ये मेरे पे जमेगा क्या? ती पाहा ना किती पतली हाये.’’

मास्तरने चष्मा लावला. राणीला बराच वेळ न्याहाळलं. मग मला विचारलं, ‘‘दिल्या, हिनं आतडे कुठी ठेवले असतीन बे?’’

सादिया खुदकन हसली.

‘‘चूक तुयी नाही, बेटा,’’ मास्तर म्हणाला. ‘‘चूक चित्र काढणाराची हाये. त्यानं कागद वाचोला. आपल्यापाशी कापड लय हाये.’’

महिनाभर खपून त्याने तो ड्रेस केला. लाल मखमल, चंदेरी खांदे. सादिया तो घालून आरशासमोर उभी राहिली आणि वळून वळून पाहत राहिली. माझ्याकडे दोन शेरे तयार होते, पण खरं सांगायचं तर ती राणीच दिसत होती, त्यामुळे वाया गेले. अकोल्याला एका मंगल कार्यालयात या कार्टूनवाल्यांचा मेळावा होता. ज्याने त्याने आपला वेश घालून स्टेजवर यायचं, दोन वाक्यं म्हणायची आणि उतरायचं. मास्तर म्हणाला, ‘‘जाशीन ना?’’

सादिया म्हणाली, मेळाव्याला जाईन, स्टेजवर जाणार नाही. मागच्या वर्षी ती चढली होती. कोणीतरी तिचा फोटो मोबाईलवर टाकला आणि खाली लोकांनी जे लिहिलं ते तिच्या शाळेतल्या पोरांनीही वाचलं. ‘‘लोग हसते हैं, अंकल.’’

‘‘हसू दे. तू सोड श्वास.’’

सादियाने फळीकडे बोट केलं. ‘‘सबका धागा है इधर. आपका किधर है?’’

मास्तर टेबलावरचा खडू शोधू लागला.

‘‘तुमी चढसान स्टेजवर त मी चढीन,’’ ती म्हणाली. आडोशाला जाऊन तिने ड्रेस बदलला आणि तो टेबलावर ठेवून निघून गेली.

मास्तर मशीनवर जाऊन बसला आणि भराभरा पाय मारू लागला. मशीनमध्ये कापड नव्हतं. मी पोट धरून हसलो. डबल आणि स्टेजवर! मी घरी जाऊन बायकोलासुद्धा सांगितलं.

त्या रविवारी दुपारी मी जेवून लोळत होतो, तर मास्तर दारात. इतक्या वर्षांत समोरच्या घरात तो पहिल्यांदा आला होता. हातात सुती दोरा.

‘‘माप घे,’’ तो म्हणाला.

‘‘मी? मी काय शिंपी हाओ काय बे?’’

‘‘सोताचं माप सोताले घेता येत नाही. वाकलं की पोट बदलते. पोट्टी हटून बसली, तिचा ड्रेस तसाच पडून राह्यला. चिलखत हाये, अंदाजानं नाही जमत.’’

‘‘मग बाजारात इतके शिंपी हायेत. मीच काहून?’’

त्याने दोरा माझ्या हातात दिला. ‘‘दुसऱ्याचा भेव लागते. काय बोलीन, काय नाही. तू त बोलून चुकला.’’

रागावून म्हणाला असता तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं सुचतात. तो रागावला नव्हता. बस किती वाजता आहे हे सांगावं तशा आवाजात तो म्हणाला, ‘‘सातवीतल्या त्या दिवसापासून कोणाले माप देल्लं नाही मी.’’

मी हातातल्या दोऱ्याकडे पाहत उभा राहिलो. तो पांढरा झगा, न केलेलं लग्न, भिंतीवरचे बिनआकड्यांचे शंभर दोरे. चाळीस वर्षं समोर बसून चहा प्यायलो आणि मला यातलं काही दिसलं नाही. उलट मी शेरे मारले. मला लाज वाटली. सरळच सांगतो, कारण विनोद करायला कुठे जागा सापडली नाही.

त्याने झगा वर केला आणि डोळे मिटले. मी दोरा पोटाभोवती फिरवला. दोरा पुरला नाही, चार बोटं कमी पडला. माझ्या जिभेवर वाक्य आलं. चांगलं होतं, सातवीतल्यापेक्षा पुष्कळ चांगलं. मी ते गिळलं आणि दोऱ्याला दुसरा दोरा जोडला. मास्तरने पोट आत ओढून धरलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे न पाहता पंख्याकडे पाहत उभा राहिलो. पंख्यावर बरीच धूळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी त्याने श्वास सोडला आणि मी गाठ मारली.

आणि या गृहस्थाने स्वतःसाठी निवडलं काय, तर चंदेरी केसांचा एक राजपुत्र, जो कार्टूनमध्ये म्हणे नुसतं चांदणं पिऊन जगतो! मी म्हटलं, मास्तर, एखादा सेनापती कर, पहाड कर. तो म्हणाला, ‘‘राजपुत्राचं काम माह्यं होतं.’’

अकोल्याला आम्ही एसटीने गेलो. सादिया राणीच्या वेशात खिडकीशी, मास्तर चिलखत घालून माझ्याशेजारी, आणि मी उरलेल्या जागेत. कंडक्टरने तलवारीवर हात ठेवून विचारलं, ‘‘खरी हाये काय?’’

‘‘फोमची हाये.’’

‘‘मंग मांडीवर घ्या. तिले सीट नाही भेटत.’’ मूर्तिजापूरपर्यंत ती तलवार माझ्या मांडीवर होती.

मंगल कार्यालयात दोनेकशे पोरं असतील. निळे केस, शिंगं, शेपट्या. मला तिथे मीच वेश करून आल्यासारखं वाटत होतं. दोघांचा नंबर एकदमच पुकारला. सादिया भाला टेकवत वर गेली आणि ताठ उभी राहिली. तिच्या मागून मास्तर पायऱ्या चढला.

तेवढ्यात माझ्या मागच्या रांगेतून एक आवाज आला, ‘‘एका तिकिटात दोन राजपुत्र हायेत काय बे?’’ आजूबाजूचे हसले. तो आवाज मी ओळखला. माणूस अनोळखी होता, आवाज माझा होता.

मास्तरने ऐकलं. त्याचं पोट आत गेलं. ते आत जाताच कमरेचा तलवारीचा पट्टा ढिला पडला आणि हळूहळू खाली सरकू लागला. मास्तरने एका हाताने पट्टा धरला, दुसऱ्याने चिलखत धरलं. चिलखतही खाली यायला निघालं होतं. सादिया त्याच्याकडे पाहत होती आणि भाला उचलून एक पाऊल पायऱ्यांकडे सरकली. आता हा उतरणार, आणि त्याच्या मागे ती.

मी खुर्चीवरून उठलो. आयुष्यात दुसऱ्यांदा त्याच्यासाठी भर सभेत ओरडलो.

‘‘सोड श्वास, मधुकर! मी कुठी चाललो?’’

दोनशे पोरं वळून माझ्याकडे पाहू लागली. मास्तरनेही पाहिलं. मग त्याने श्वास सोडला. पोट पुढे आलं, पट्टा जागच्या जागी अडकला, तलवार थांबली. सादियाने भाला एकदा जमिनीवर आपटला. मास्तरने दोन्ही हात मोकळे केले आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाला, ‘‘प्रधानजी, आमचा घोडा आणा!’’

पोरांना वाटलं कार्टूनमधलंच वाक्य असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मी तेवढा उभाच राहिलो. बस, एवढंच होतं ते वाक्य, आणि मी ते विसरलो होतो.

चिलखत त्याला अगदी बरोबर बसलं होतं. माप मी घेतलं होतं.