यंत्रापुढे शहाणपण

डॉक्टरांनी छातीवर वायरी चिकटवल्या, कमरेला एक छोटं यंत्र अडकवलं आणि बजावलं, "उद्यापर्यंत काढायचं नाही. रोज वागता तसंच वागा." एवढंच करायचं होतं. पण मी तिथल्या तिथे ठरवलं, आज जरा चांगलं वागू. (पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतो, तसं.)

जिना चढताना अधूनमधून छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून तर हा सगळा खटाटोप. त्या दिवशी मी एकही पायरी चढलो नाही. ऑफिसात लिफ्ट, घरी लिफ्ट. संध्याकाळी लिफ्ट बंद पडली, तर दुरुस्त होईपर्यंत वॉचमनच्या खुर्चीत बसून राहिलो. साहेब ओरडले तरी हसलो. मेहुण्याने वाद काढला, तर त्याचं सगळं मान्य केलं. (तो घाबरून लवकर घरी गेला.)

रिपोर्ट अगदी स्वच्छ! मी पेढे मागवायच्या बेतात होतो, तेवढ्यात दवाखान्याच्या बाकावर बायको हमसून रडायला लागली.

"रात्री उठून बघायचे हो, श्वास चालतोय ना तुमचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मला हे कधी जाणवूही दिलं नव्हतं, आणि मी खुशाल मार्क मिळवत बसलो होतो.

"अगं," मी पुटपुटलो, "काल मी जिना चढलोच नाही."

तिने डोळे पुसले. "डॉक्टरांना फसवलंत?"

"फसवलं असं नाही..."

"आत चला."

यंत्र पुन्हा कमरेला आलं. या वेळी सगळं रोजच्यासारखं. घरचा जिना तर ती मागे उभी राहून चढवून घेत होती. आणि तिसऱ्या मजल्यावर धडधड आलीच.

"सापडलं!" दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले. "गोळीने आटोक्यात येईल. वेळेवर कळलं हे बरं झालं."

बायकोने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. मला भरून आलं. आता हिच्याशी आयुष्यभर खरं बोलायचं, असं मी मनाशी म्हणत होतो.

"बाकी झोप उत्तम आहे तुमची," डॉक्टर आलेख सरकवत म्हणाले. "जेवणानंतर ठोके कसे संथ झालेत बघा, थेट चहाच्या वेळेपर्यंत. दुपारी घरीच असता वाटतं?"

बायकोने हात सोडला.

"नाही, ऑफिसात असतात," ती म्हणाली. "कामाचा फार ताण आहे म्हणतात."