चौथी ‘ब’ बॅलेला जाते

संगीताच्या बाईंना मोठ्या बाईंनी आपल्या खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. गेल्या वर्षी बॅले पाहायला नेलेल्या वर्गाने नाट्यगृह डोक्यावर घेतलं होतं. यंदा चौथी ‘ब’ची बत्तीस मुलं जाणार होती. पुन्हा तक्रार आली तर संगीताचा तास गणिताला देऊन टाकू, असं मोठ्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं.

बाईंनी कंबर कसली. आधी गोष्ट सांगितली: दीपगृहाच्या राखणदाराची बायको समुद्रात बुडते आणि भूत होऊन दर भरतीला परत येते. मग संगीत ऐकवलं, कुठे व्हायोलिन रडतं आणि कुठे ढोलाची लाट होते ते दाखवलं. आणि शेवटी शिकवली ती शांतता. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर. खोकला आला तर गिळायचा. खेळ संपून बाई टाळी वाजवेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही. मधेच खुद्द बाईंनी सांगितलं तरी नाही.

मुलांना हा खेळ भलताच आवडला. पहिले दोन दिवस खुसखुस चालली, चौथ्या दिवशी तीही थांबली. सहाव्या दिवशी पियानो वाजवता वाजवता बाईंना वाटलं, वर्गात आपण एकट्याच आहोत. त्यांनी वळून पाहिलं तर बत्तीसच्या बत्तीस जण जागच्या जागी. पापणीसुद्धा हलत नव्हती.

शिपाईकाकांनी त्या वर्गात पाऊल टाकणं सोडलं; हजेरीपुस्तक दाराबाहेर ठेवून ते झपाझप निघून जात. एका मुलीच्या आईचा फोन आला. भाजी चिरताना मागे वळून पाहिलं तर लेक पाठीशी उभी, किती वेळची कोण जाणे. “बाई, तुम्ही काय हवं ते शिकवा,” ती म्हणाली, “पण घरात चालताना पाय वाजव म्हणावं तिला.” बाई हसल्या खऱ्या, पण त्या दिवशी वर्गात शिरण्याआधी त्यांनी बाहेरूनच खाकरून घेतलं.

बॅलेचा खेळ दुपारचा होता. मुलं चवड्यांवर चालत आत गेली आणि पुढच्या दोन रांगांत बसली. मागे मोठी माणसं खोकत होती, पिशव्या चाळत होती. पुढे मात्र सगळं चिडीचूप.

ढोल थांबला, निळा उजेड पडला आणि पांढऱ्या झग्यातलं भूत हात पसरून समुद्रातून वर आलं. नर्तकीने प्रेक्षकांकडे पाहिलं. चौसष्ट डोळे तिच्यावर खिळले होते. ती डावीकडे सरकली, बत्तीस माना डावीकडे वळल्या. ती उजवीकडे आली, माना उजवीकडे आल्या. भुताचा पाय अडखळला. उरलेल्या दोन गिरक्या तशाच टाकून ते भलत्याच बाजूने आत पळालं.

मध्यंतरात व्यवस्थापक कपाळ पुसत आले. मुलं बरी आहेत ना, असं त्यांनी हळूच विचारलं. नर्तकी कडी लावून बसली होती. पुढची मुलं श्वास घेत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

“एक विनंती आहे,” ते म्हणाले. “त्यांना जरा आवाज करायला सांगा.”

बाईंनी मुलांना हसायला सांगितलं, मग चॉकलेटचे कागद तरी वाजवा म्हणून सांगितलं. कुणी ढिम्म हललं नाही. कडेच्या मुलीने तेवढी सावकाश मान वळवली आणि बाईंकडे पाहत ओठांवर बोट ठेवलं. मग तिच्या शेजारच्याने ठेवलं. मग त्याच्या शेजारच्याने. दोन्ही रांगांतून बोटं वर जात राहिली आणि बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. नेमका त्याच क्षणी व्यवस्थापकांनी त्यांच्या खांद्याला हात लावला. बाई अशा किंचाळल्या की वरच्या सज्जातले लोक उठून उभे राहिले.

इतर प्रेक्षकांना त्रास होतो, असं म्हणत दारावरच्या माणसाने बाईंना बाहेर नेऊन बसवलं आणि पाणी दिलं. नर्तकीची कशीबशी समजूत पटली. उरलेला खेळ बाईंनी बंद दाराआडून ऐकला आणि शेवटचा सूर विरताच त्या आत धावल्या. सगळं नाट्यगृह टाळ्या वाजवत होतं, फक्त पुढच्या दोन रांगा तशाच. बाईंनी टाळी वाजवली. त्याबरोबर बत्तीस टाळ्या एकाच ठोक्यात वाजल्या आणि भूत राखणदाराच्या पाठीमागे जाऊन उभं राहिलं.

टाळी होऊन गेली तरी परतीच्या बसमध्ये कुणी बोलेना. बाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. मागे वळायचा त्यांना धीर होईना. दोन सिग्नल गेले. मग अगदी कानाशी कुणीतरी कुजबुजलं, “बाई, आता बोललं तर चालेल?”

“बोला रे,” बाई वळून म्हणाल्या. “बोला एकदाचे.”

आणि आठ दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम फुटलं. कुणी भुतासारखं ओरडत होतं, कुणी सीटवर ढोल बडवत होतं, कुणी बेसूर व्हायोलिन झालं होतं. कडेची मुलगी बाईंच्या खांद्यावरून वाकून विचारत होती, “बाई, ते भूत आम्हाला का घाबरलं?”

ड्रायव्हर वैतागला. “बाई, जरा गप्प करा की यांना.”

“तुम्ही समोर बघून गाडी चालवा,” बाई म्हणाल्या, आणि शेजारच्या सीटवर त्यांनीही ढोल धरला.